विजयेंद्र रावांची बीपीची गोळी

विजयेंद्र राव हा माणूस मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा गैरसमज नको. इथं तमिळ मुलखात, वेस्ट मांबलममधल्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहतात, मी दुसऱ्यावर. सहा वर्षांत आमचं एकही बोलणं भांडणाशिवाय संपलेलं नाही. गेल्या मार्चमध्ये जे झालं त्यानंतर तरी मला ते आवडायला लागतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांनी होऊ दिलं नाही.

वय अडुसष्ट. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढं आलेलं. कपाळावर अंगाऱ्याची काळी रेघ, कमरेला पंचा, कान कायम कुणाची तरी चूक हेरायला टवकारलेले. पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर ती सगळी कारकुनी आमच्या इमारतीवर ओतली. इमारतीच्या असोसिएशनचे ते कार्यवाह. त्यांना कुणी निवडलं हे कुणाला आठवत नाही, काढायची हिंमत कुणात नाही. सकाळी सहाच्या ठोक्याला ते पाण्याची मोटर सुरू करतात आणि सहा वीसला बंद करतात. सहा एकवीसला तुमच्या डोक्याला शाम्पू असला तर तो तुमचा प्रश्न.

हे तंजावुरी मराठी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी राजांबरोबर दक्षिणेत आले, त्यामुळे शुद्ध मराठी आपल्यालाच येते असा त्यांचा ठाम समज. मी इस्लामपूरचा, श्रीपेरुंबुदूरकडं गाड्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी करतो. पण ते मला पहिल्या दिवसापासून 'पुणेकर' म्हणतात. पुणं मी फक्त गाडी बदलायला पाहिलंय. मी आपला रीतीप्रमाणे 'काका' म्हणालो तर म्हणाले, "काका कोण? मीं तुझ्या बापाचा भाऊ नव्हे. राव म्हण."

इमारतीत जिन्याखाली एक फळा आहे. त्यावर ते तमिळ आणि इंग्रजीत सूचना लावतात. मी राहायला आलो तेव्हापासून तिसरी प्रत मराठीत लागते, आणि मराठी वाचणारा त्यांच्या घराबाहेर मी एकटाच. "दुसऱ्या मजल्यावरील नूतन रहिवाशांस कळावें कीं, मोटारसायकल धुणें हें पिण्याच्या पाण्याचें काम नव्हे." असल्या त्या सूचना. एकदा माझ्या कचऱ्याच्या पिशवीत त्यांना अंड्याची टरफलं सापडली. पिशवी उघडून बघायचं काही कारण नव्हतं, पण त्यांनी बघितली. मग तीन दिवस माझ्या नळाचा व्हॉल्व्ह बंद. विचारायला गेलो तर म्हणाले, "देशपांडे आडनांव आणि अंडीं खातोस? तुझा बाप जिवंत आहे?"

वडील त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. मी ते सांगितलं. "मग तर आणखीच वाईट," म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो आजही पुरता निवलेला नाही.

तिसऱ्या वर्षी जिन्यात बिअरची एक रिकामी बाटली सापडली. माझी नव्हती. मी कधीमधी पितो, पण बाटल्या जिन्यात टाकत नाही. रावांनी ती उचलून माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि खाली चिठ्ठी: "आपली वस्तु." मग असोसिएशनच्या सभेत सगळ्यांसमोर म्हणाले, ही पोरं नोकरीला येतात, शनिवारी पितात, रविवारी दुपारपर्यंत लोळतात, यांच्यामुळं इमारतीची अब्रू जाते. दारू हा त्यांचा आवडता शत्रू. मला पाण्यात पाहायचे त्यातली अर्धी कारणं त्या बाटलीतली.

दारूचा त्यांना इतका तिटकारा का, हे मला त्यांच्या बायकोनं, भवानी मामींनी सांगितलं. मामी म्हणजे या माणसाला देवानं चुकून दिलेलं बक्षीस. त्यांच्या लोकांत श्राद्धाला ब्राह्मण पाटावर बसवतात, एक देवांच्या जागी आणि एक पितरांच्या. पितरांच्या जागी कुणालाही बसवत नाहीत. सोवळं पाळणारा पाहिजे, निर्व्यसनी पाहिजे, ज्याच्याबद्दल कुणी कधी वावगा शब्द काढलेला नाही असा पाहिजे. वेंकटाचार म्हणून त्यांचे एक भटजी आहेत, ते अशी माणसं ठरवतात. वीस वर्षं वेंकटाचारांचा पहिला फोन विजयेंद्र रावांना. मांबलम आणि आसपासच्या तंजावुरी मराठी घरांतले जेवढे बाप मेले, त्यांतल्या निम्म्यांच्या जागी राव जेवून आलेत. बाहेर निघाले की जिन्यात मुद्दाम मोठ्यानं सांगायचे, "आज पितृस्थानीं आहें." जगात त्यांना दुसरी कसली हौस नव्हती. मोटर आणि हा पाट.

दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत जळजळ सुरू झाली. कोडंबाक्कमला पोटाच्या विकारांचा एक दवाखाना आहे, तिथं गेलो. बाहेरच्या बाकांवर नंबर लावून बसलो तर समोरच्या दारावर पाटी: 'लिव्हर क्लिनिक, दर बुधवारी'. आणि त्या पाटीखाली, छत्रीच्या पिशवीत फाईल लपवून, एकटे विजयेंद्र राव.

त्यांनी मला पाहिलं. तोंड भिंतीकडं फिरवलं आणि नंबर येईपर्यंत भिंतच बघत बसले.

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा माझं दार वाजवलं. अंड्याचं घर म्हणून उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. बाहेरूनच म्हणाले, "जें पाहिलेंस तें पाहिलें नाहींस."

"काय पाहिलं मी?"

"घरमालकाचा नंबर मजपाशीं आहे. महिन्यांत खोली खाली करवीन. सेरी?"

सेरी म्हणजे तमिळमध्ये 'ठीक'. विनंती करायला आलेला माणूस धमकी देऊन गेला. दार लावल्यावर मी घरात अक्षरशः नाचलो. लिव्हर म्हणजे दारू, एवढंच मला माहीत होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! माझ्या उंबऱ्यावर बाटली ठेवणारा हा माणूस आत बसून ढोसतो, आणि वर पितरांच्या जागी बसतो. मी कुणाला बोललो नाही. यात चांगुलपणा काही नव्हता. हुकमाचं पान कुणी लगेच टाकत नाही, एवढंच.

बाहेर त्यांनी सांगून ठेवलं होतं की आपल्याला बीपी आहे. सकाळी मोटर सुरू केली की मामी कॉफी आणि एका वाटीत चार गोळ्या आणून देत. राव त्या मोजून, घड्याळाकडं बघत सगळ्या एकदम तोंडात टाकायचे. मग एका हातानं दुसऱ्या हाताची नाडी धरून पुन्हा घड्याळाकडं. मी कंपनीची बस पकडायला निघायचो तेव्हा रोज हे ध्यान दिसायचं. मला वाटायचं, हाही एखादा सोवळ्याचाच प्रकार असणार.

यंदा सव्वीस जानेवारीला गच्चीवर झेंडा झाला आणि नंतर असोसिएशननं आरोग्य तपासणी ठेवली. तपासणी म्हणजे काय, तर माझं बीपीचं यंत्र. कंपनीनं सुरक्षा सप्ताहात सगळ्यांना वाटलेलं. यंत्र माझं म्हणून खुर्चीवर मी. एकेक जण येऊन हात पुढं करत होता. पहिल्या मजल्यावरच्या कौमुदी मामी झाल्या, त्यांचे यजमान झाले, आणि मग लोकांनी रावांना बसवलं. त्यांना नको होतं. पण बीपीचा पेशंट बीपी तपासायला नाही कसं म्हणणार?

वरचं अठ्ठ्याण्णव, खालचं साठ. नाडी चोपन्न.

"राव," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुम्ही बीपीची गोळी घेता ना? मग बीपी आहे कुठं?"

सगळे हसले. कौमुदी मामी सगळ्यात जास्त. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते त्या दिवशी मी बघितलं, आणि मला फार बरं वाटलं. राव उठताना किंचित झोकांडले आणि कठडा धरून खाली गेले.

दोन दिवसांनी भवानी मामी वर आल्या. हातात डांगर पच्चडीचा, म्हणजे उडदाचं पीठ दह्यात कालवलेल्या तोंडीलावण्याचा डबा. चेहरा उतरलेला.

"पुष्कर, एक पुसूं? ह्यांस पूजेवरून उठतां चक्कर येते. त्या दिवशीं तूंच पाहिलेंस, बीपी इतकें कमी. आणि त्यावर बीपीची गोळी. देवूं कीं नको?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"कोण डॉक्टर तेंच सांगत नाहींत. एकटेच जातात. मीं येतें म्हटलें तर अय्यो, केवढें ओरडतात."

म्हणजे मामींनाही ठाऊक नव्हतं. बायकोलासुद्धा त्यांनी बीपीच सांगितलं होतं.

इथं मला थांबून खरं लिहिलं पाहिजे. मला माहीत होतं की राव लिव्हरच्या डॉक्टरकडं जातात. 'मामी, आधी कोडंबाक्कमच्या दवाखान्यात विचारा,' एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. मनात म्हटलं, लिव्हरचं वेगळं, बीपीचं वेगळं. पण मनात त्याहून खरं हे होतं, की ते वाक्य बोललो असतो तर हुकमाचं पान हातातून गेलं असतं. शिवाय मामी माझ्याकडं डॉक्टरकडं बघावं तसं बघत होत्या, आणि रावांच्या घरातलं कुणी माझ्याकडं असं बघतंय याची मला चटक लागली.

"बंद करा," मी म्हणालो. "बीपी नसताना बीपीची गोळी म्हणजे विषच की."

"ते मोजून घेतात. चार नसल्या तर ओरडतील."

"मग तशीच दिसणारी दुसरी ठेवा एखादी."

मामींकडं व्हिटॅमिनची तशीच बारीक पांढरी गोळी होती. दुसऱ्या दिवसापासून वाटीत ती जाऊ लागली. डबा मी रिकामा करून परत दिला. पच्चडी उत्तम झाली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर नवी सूचना आली: "दुसऱ्या मजल्यावरील वर्तनामुळें कार्यवाहांच्या प्रकृतीस अपाय होत आहे." मी सकाळी खाली उतरलो तर राव मोटरपाशी मनगट धरून उभे.

"अठ्ठ्याहत्तर!" ते माझ्यावर ओरडले. "छपन्न होती. अठ्ठ्याहत्तर झाली! काल तूं रात्रीं दहापर्यंत गाणीं लावलींस. रागानें नाडी वाढते, डॉक्टरनें सांगितलें आहे. तूं माझी नाडी वाढवतोस!"

त्यांची नाडी माझ्यामुळं वाढते, याच्याइतकी गोड बातमी मला त्या वर्षात मिळाली नव्हती. मी रोज गाणी लावू लागलो. व्यायामाचं डंबेल मुद्दाम फरशीवर टाकू लागलो, बरोबर त्यांच्या देवघराच्या रेषेत. मधल्या मजल्यावर कौमुदी मामी होत्या, पण त्यांना कमी ऐकू येतं. रोज सकाळी मनगट धरून राव आकडा ओरडायचे. ऐंशी. ब्याऐंशी. मी हसून बसला जायचो. आकडा का वाढतोय हे इमारतीत ओळखू शकणारी दोनच माणसं होती. एक मामी, त्यांना नाडी म्हणजे काय ते कळत नव्हतं. दुसरा मी. मला कळून घ्यायचं नव्हतं.

मार्चमधल्या एका शनिवारी मी खिडकीपाशी दात घासत होतो, तर बाहेर पाणी पडायला लागलं. आधी थेंब, मग धार. वरची टाकी भरून वाहत होती. मी घड्याळ बघितलं. सहा चौतीस. सहा वर्षांत मोटर सहा एकवीसपर्यंतसुद्धा चाललेली नव्हती. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पिण्याचं पाणी! कार्यवाहांच्या हातून! तोंडात पेस्ट तशीच ठेवून मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो, सगळी इमारत जागी होईल असं ओरडायचं ठरवून.

राव मोटरच्या कट्ट्याला टेकून खाली बसले होते. पंचा लाल झालेला. शेजारच्या बादलीत रक्त, काही लाल, काही काळं, गाठी गाठी. मामी भिंतीला चिकटून उभ्या.

रावांनी मला पाहिलं आणि हात वर केला. "मोटर," म्हणाले. "आधीं मोटर बंद कर."

मी मोटर बंद केली आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई विचारत होती, काय झालंय, पेशंटला काय आजार आहे. लाइन खरखरत होती. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "रक्ताची उलटी! लिव्हरचा पेशंट आहे! लिव्हर, लिव्हर!"

तोवर जिन्यावर सगळे जमले होते. कौमुदी मामींना कमी ऐकू येतं, पण हे त्यांनी ऐकलं. रावांनी डोळे मिटून घेतले. रक्त गेल्यामुळं की दुसऱ्या कशामुळं, मला माहीत नाही. मला माहीत आहे.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं, रक्त चढवलं, शिरेतला दाब पाडणारं औषध थेंबाथेंबानं सुरू केलं, दुर्बीण घालून फुटलेल्या शिरेला रबरी कडं बसवलं. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चाळिशीच्या, थकलेल्या, चिडलेल्या.

"प्रोप्रॅनोलॉल घेत होते ना? नाडी शंभराच्या वर कशी?"

मामी रडू लागल्या. मी म्हणालो, "ती बीपीची गोळी, बीपी कमी झालं म्हणून..."

"कुणी ठरवलं बीपीची म्हणून?" बाई तमिळ-इंग्रजीत बोलत होत्या, पण समजायला काही अवघड नव्हतं. आतड्यांकडून लिव्हरकडं रक्त नेणारी एक मोठी शीर असते. लिव्हर कडक झालं की ते रक्त पुढं जात नाही, त्या शिरेत तुंबतं, दाब चढतो. मग अन्ननलिकेतल्या बारीक शिरांवर तो दाब येतो, त्या फुगतात, आणि एक दिवस फुटतात. ही गोळी त्या आतल्या दाबासाठी होती. दंडाला पट्टा बांधून तो दाब दिसत नाही. "नाडी पंचावन्न ते साठ ठेवायची, हे मीच त्यांना सांगितलं होतं. गोळी लागू पडतेय याची ती खूण. तुम्ही ज्याला कमी म्हणालात ते आम्ही सहा महिने खपून आणलं होतं. चक्कर येत होती तर आम्हाला विचारायचं, आम्ही डोस कमी केला असता. ही गोळी अशी एकदम थांबवत नाहीत."

मला त्याही वेळी काय सुचलं ते सांगायला लाज वाटते. मी विचारलं, "किती पीत होते?"

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो. "या माणसानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. वीस वर्षांची शुगर आणि हे पोट. लिव्हरमध्ये चरबी साचून झालंय हे. अर्धी ओपीडी अशीच भरते माझी."

तिसऱ्या दिवशी राव बोलू लागले. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, मामी आणि मी तिथंच होतो. बाईंनी विचारलं, "गोळी कुणी थांबवली?" मामींनी तोंड उघडलं. मीही उघडलं असतं, असं मला आजही म्हणावंसं वाटतं. पण त्याआधी उशीवरून रावांचा खरखरीत आवाज आला, "मींच सोडली." मग दहा मिनिटं बाई त्यांना झाडत होत्या, शिकलेला माणूस म्हणून, आणि ते निमूट ऐकत होते. विजयेंद्र राव कुणाचं निमूट ऐकताहेत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मामी औषधं आणायला गेल्यावर ते माझ्याकडं वळले.

"तिनें मला सर्व सांगितलें. तूं मला त्या दवाखान्यांत पाहिलें होतेंस."

"हो."

"लिव्हरची पाटी वाचली होतीस."

"हो."

"आणि तरी सोडा म्हणून सांगितलेंस."

"हो."

"तुला वांचवलें असें समजूं नको. डॉक्टर तिला बोलली असती तर ती चार दिवस जेवली नसती. तुझें काय? तुला अंडीं आहेत." आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं, त्या बुधवारी फिरवलं होतं तसंच.

पंधरा दिवसांनी ते घरी आले. सहाची मोटर पुन्हा सुरू झाली, वाटीत खरी गोळी आली, नाडी उतरत उतरत अठ्ठावन्नवर आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आल्या आल्या फळ्यावर सूचना लागली, टाकी वाहून गेलेलं पाणी सर्वांच्या हिश्शातून कापलं जाईल, कार्यवाहांच्या हिश्शातून आधी.

पण वेंकटाचारांचा फोन आला नाही. चैत्रात आला नाही, वैशाखात आला नाही. मामींनी सांगितलं, गल्लीतच तीन श्राद्धं झाली, पाटावर दुसरेच बसले. कौमुदी मामींनी जिथं जिथं सांगायचं तिथं सांगितलं होतं: लिव्हर म्हणे. वीस वर्षं पितरांच्या जागी बसत होते, आणि बघा. कुणी तमिळमध्ये 'कुडिकारन' म्हणालं, म्हणजे बेवडा. मी कौमुदी मामींकडं गेलो. शुगर सांगितली, चरबी सांगितली, डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या मान डोलवत हसल्या. "असेल, असेल. पिणारी माणसं एकमेकांना सांभाळून घेतातच." मग वेंकटाचारांकडं गेलो. ते फार सभ्यपणे म्हणाले, प्रकृतीनं क्षीण माणसाला पाटावर बसवायचा त्रास नको. बोललेला शब्द परत घेता येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वेस्ट मांबलममध्ये प्रयत्न करून बघावा.

मोटर बंद केली की राव आत जाऊन फोनपाशी बसतात, असं मामी म्हणाल्या. दहा वाजेपर्यंत बसतात. श्राद्धाचे फोन सकाळीच येतात.

माझ्या वडिलांची तिथी ज्येष्ठात. दरवर्षी मी ती इस्लामपूरला भावावर सोडून द्यायचो. यंदा नाही सोडली. एका गुरुवारी सकाळी मी अंघोळ करून, चपला बाहेर काढून, रावांच्या दारात उभा राहिलो.

"काय?"

"वडिलांचं श्राद्ध आहे, राव. वद्य पंचमीला. पितरांच्या पाटावर तुम्ही बसाल का?"

ते उठले, मला बाजूला सारून बाहेर जिन्याशी आले आणि तमिळमध्ये ओरडू लागले. माझ्याशी ते कधी तमिळ बोलत नाहीत. पण इमारतीला तमिळ कळतं.

"श्राद्धाला बसवायला आलाय मला! पितृस्थानी! विजयेंद्र रावाला बोलवायला आलाय! ज्या घरात अंडी शिजतात तिथं मी बसेन काय? नाही बसणार! पाया पड, नाही बसणार! मी वाटेल त्याच्या घरी बसत नाही!"

तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं. समोरच्या बिऱ्हाडातले दोघं बाहेर आले. मी मान खाली घालून उभा. माझी अशी शोभा या इमारतीत पूर्वी कधी झाली नव्हती. लोक बघून आत गेले, दारं लागली. राव धापा टाकत होते. त्यांनी सवयीनं मनगट धरलं, थोडा वेळ मोजलं, सोडून दिलं.

मग हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "आज गुरुवार. कौमुदी देवळांत गेली आहे, तिनें ऐकलें नाहीं. उद्यां दहाला पुन्हा ये."

"पुन्हा?"

"होय. आणि मोठ्यानें बोलाव. ॲम्ब्युलन्सला तुझा आवाज चांगला पोंचला होता."

मी दुसऱ्या दिवशीची रजा काढली.